भरती जिथे थांबते, तिथे पेठ

आपट्यातून समुद्र दिसत नाही. एका अंगाला कर्नाळ्याचा सुळका, दुसरीकडे माणिकगड आणि मधून वाहणारी पाताळगंगा, असे हे पनवेल तालुक्यातले गाव. तरीही इथल्या नदीला दिवसातून दोनदा समुद्राची आठवण होते. धरमतरच्या खाडीतून निघालेली भरती खारपाड्यावरून आत शिरते आणि आपट्याच्या आसपास तिचा जोर संपतो. त्याच्या पुढे होडी जात नाही. पूर्वी माल इथेच उतरवावा लागे आणि बैलावर लादून घाटाकडे न्यावा लागे. पाताळगंगेवरचे आपटा बंदर एवढ्या एका कारणाने वसले.

कोकणचा नकाशा समोर ठेवला की हेच गणित पुन्हापुन्हा दिसते. उल्हास नदीच्या खाडीत कल्याण, तिथून वाट नाणेघाटाने जुन्नरला. सावित्रीच्या काठी महाड, वर वरंधा घाट आणि भोर. वाशिष्ठीवर चिपळूण आणि त्याचे गोवळकोट बंदर, वर कुंभार्ली घाट आणि कराड. अर्जुना नदीवर राजापूर, वर अणुस्कुरा आणि कोल्हापूर. भोगावतीवर पेण, अंबेवर नागोठणे, कुंडलिकेवर रोहे. यातले एकही गाव उघड्या समुद्रावर नाही. सगळी खाडीच्या पार आतल्या टोकाला, घाटाच्या शक्य तितकी जवळ बसलेली. पाण्यावरून माल नेणे स्वस्त आणि जमिनीवरून महाग, म्हणून व्यापारी गलबत जाईल तिथपर्यंत आत जात आणि नाइलाज झाला की उतरत. त्या नाइलाजाच्या जागी कोकणातल्या बाजारपेठा उभ्या राहिल्या.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही हेच घडले. जेम्स नदीवरचे रिचमंड आणि डेलावेअर नदीवरचे ट्रेंटन ही शहरे नदीतल्या खडकाळ धावत्यांनी बोटींची वाट अडवली तिथे वाढली. चार्ल्स हॉर्टन कूली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १८९४ साली वाहतुकीवरच्या आपल्या प्रबंधात याची मांडणी केली. प्रवासात खंड पडतो तिथे शहर वाढते, असे त्याचे म्हणणे. पण खंड दोन प्रकारचे असतात, हेही त्याने सांगितले. एका प्रकारात माल नुसता एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जातो, त्याला हमाल आणि गोदाम पुरते. दुसऱ्या प्रकारात मालाचा मालक बदलतो. मग तोलणारा लागतो, अडत्या लागतो, उधारीवर देणारी पेढी लागते आणि मुक्कामाला आलेल्या माणसाला जेवूखाऊ घालणारेही लागतात. बाजारपेठ म्हणतात ती या दुसऱ्या प्रकारातून होते. आपटा आणि पनवेल या दोन शेजाऱ्यांचा इतिहास या फरकावर नेमके बोट ठेवतो.

दोन्ही बंदरे एकमेकांपासून वीस किलोमीटरच्या आत. आपटा पाताळगंगेवर, पनवेल गाढी नदीच्या खाडीवर आणि दोहोंच्या मध्ये कर्नाळा. खाली दोन खाड्या आणि समोर बोरघाटाकडे जाणारी वाट, अशी त्या किल्ल्याची जागा. गडावर ज्याची शिबंदी, त्याची या मालावर नजर. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये तो मोगलांकडून घेतला आणि १८१८ च्या जानेवारीत कर्नल प्रॉथरने तो इंग्रजांसाठी जिंकला.

तोपर्यंत मुंबईहून पुण्याला जायचे म्हणजे बहुधा पनवेलवरूनच जायचे, असा रिवाज पडला होता. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज पुण्यावर चालून निघाली, ती पनवेलला उतरून बोरघाट चढली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांच्या कोंडीत सापडली. मुंबई बेट असल्यामुळे पुण्याच्या प्रवासाचा पहिला टप्पा पाण्यावरच असे. मुंबईच्या बंदरातून निघालेली होडी सरळ पूर्वेला आली की पनवेलची खाडी लागे. आपट्याला जायचे तर दक्षिणेचा वळसा पडे. हा वळसा पुढे आपट्याला फार महाग पडला.

बोरघाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, खुला झाला. त्याआधी घाटातला बहुतेक माल बैलांच्या पाठीवरून जाई. एक बैल फार तर शंभर-सव्वाशे किलो ओझे नेणार, म्हणून वंजाऱ्यांचे तांडेच्या तांडे लागत. वर जाताना मीठ, खाली येताना धान्य, गूळ, गळिताचा माल. गाडीरस्ता झाल्यावर दोन बैल त्याच्या कितीतरी पट ओझे ओढू लागले. रस्ता पनवेलहून निघत होता, त्यामुळे गाड्या पनवेलला लागल्या. आपट्याकडे आसपासच्या गावांचा भात, लाकूडफाटा आणि गवत एवढाच व्यापार उरला.

गाड्या आल्या तशी गाड्यांची गरज आली. एकोणिसाव्या शतकात पनवेल ज्या धंद्यासाठी ओळखले जाई, तो म्हणजे बैलगाडीची चाके. जुन्या सरकारी गॅझेटियरांनी इथल्या चाकांची आवर्जून नोंद घेतली आहे. चाक घडवणे हे नुसते सुतारकाम नव्हते. मधला तुंबा एकसंध लाकडाचा, त्यात ठोकलेले आरे आणि बाहेर लाकडी तुकडे जोडून केलेले वर्तुळ. हे सगळे जुळले की लोहाराचे काम सुरू होई. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवत. गोवऱ्यांच्या आगीत ती लालबुंद होईस्तोवर तापवत, प्रसरण पावली की चिमट्यांनी उचलून चाकावर बसवत आणि लगेच पाणी ओतत. लोखंड आकसले की सारे सांधे करकचून आवळले जात. घाटाच्या उतारावर अशीच चाके टिकत. लाकूड जवळच्या रानातले, गिऱ्हाईक दारात उभे, मग हा धंदा दुसरीकडे जाण्याचे कारणच नव्हते.

पेठेचे घड्याळ मात्र समुद्राच्या हाती होते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. आज सकाळी आठला गलबत धक्क्याला लागले, तर आठवड्याने तीच भरती दुपारी दोनच्या सुमारास यायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढते. मुंबईच्या किनाऱ्यावर तेव्हा भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही पुढे जातो. अष्टमीच्या सुमारास भांग असते, पाणी अर्धवट चढून परतते. म्हणून जड गलबते उधाण साधून आत आणायची, भांगात हलक्या होड्यांवर काम भागवायचे, हा तांडेलांचा ठोकताळा. महिन्यातून दोनदा गडबड आणि दोनदा सामसूम, अशा लयीवर हमाल, गाडीवान, तोलणारे आणि खाणावळवाले जगत.

घरेही तशीच बांधली गेली. रस्त्याकडची बाजू अरुंद, कारण पेठेत तोंडाची जागा सर्वांत मोलाची. पुढे ओटा आणि दुकान, मागे लांबवर गेलेले गोदाम, वर माळा आणि माळ्यावर बिऱ्हाड. पावसाळ्यात खाली ओल चढे म्हणून भात आणि मिरची वर. पनवेलच्या जुन्या भागात बंदर रोड, कोळीवाडा, टपाल नाका, उरण नाका, मिरची गल्ली, कच्छी मोहल्ला, पटेल मोहल्ला ही नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत. ती ओळीने वाचली तरी कोण कुठून आले, काय विकत होते आणि कुठल्या वाटेने जात होते, याचा अंदाज येतो.

कोकणातल्या गावागावांत तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायली लोकही या पेठेत आले. त्यांचे बेथ एल हे प्रार्थनास्थळ पनवेलमध्ये १८४९ मध्ये उभे राहिले. तीनच वर्षांनी, १८५२ मध्ये, पनवेलला नगरपालिका मिळाली. ती राज्यातली पहिली असल्याचे पनवेलकर अभिमानाने सांगतात. त्या काळच्या १८५० च्या कायद्याने नगरपालिका स्थापण्याची वाट रहिवाशांच्या मागणीवर मोकळी केली होती. ज्या गावाच्या रस्त्यांवरून रोज गाड्या जातात, त्यालाच रस्ते आणि दिवे यांची चिंता अशी लवकर पडते.

ही भरभराट फार काळ टिकली नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची गाडी १८५३ मध्ये ठाण्याला, पुढे कल्याणला आणि १८५६ मध्ये खोपोलीला पोचली. घाटाचे काम बाकी होते. त्यामुळे पुढची सात वर्षे माणसे आणि माल खोपोलीला उतरून पालखी, तट्टू नाहीतर गाडीने घाट चढत. पनवेलचा खंड उचलून जणू खोपोलीला नेऊन ठेवला होता. १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग सुरू झाला आणि खोपोलीचाही खंड संपला. मुंबईत भरलेला डबा पुण्यात उघडू लागला आणि वाटेत कोणाच्याही हाताला काम उरले नाही.

तरी पनवेलची पेठ बसली नाही. लांबचा व्यापार गेला, पण जवळचा राहिला. तालुक्याचा भात इथे येई, गिरणीत सडला जाई आणि तांदूळ होऊन मुंबईला जाई. मिठागरांचे मीठ, मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत, रानातला लाकूडफाटा आणि परतीच्या होडीतून कापड, कौले, लोखंडी सामान. याच काळात, १८७२ मध्ये, वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेलमध्ये श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. पनवेलची औषधे महाराष्ट्रभर वैद्यांच्या कपाटात जाऊन बसली. आगगाडी आल्यावर निव्वळ वाटसरूंवर जगणारी दुकाने उठतात. ज्यांच्या मागे शेते आणि जंगले आहेत ती तग धरतात.

आपट्याच्या नशिबात मात्र आणखी एक वळण होते. दिवा ते पनवेल हा लोहमार्ग १९६० च्या दशकात झाला आणि १९६६ मध्ये तो आपट्यापर्यंत आला. पुढे रोह्यापर्यंत रूळ पडायला १९८६ उजाडले. म्हणजे जवळजवळ वीस वर्षे आपटा हे या मार्गाचे शेवटचे स्थानक होते. पूर्वी भरती जिथे संपत होती, तिथे आता रेल्वे संपत होती. जुन्या नियमाने पाहिले तर इथे पेठ फुलायला हवी होती. ती फुलली नाही.

कारण कूलीच्या पहिल्या प्रकारात सापडते. हा मार्ग आला तेव्हा शेजारी रसायनीचा औद्योगिक पट्टा उभा राहत होता. केंद्र सरकारची हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना रसायनीला आला. १९८२ मध्ये रिलायन्सचा पाताळगंगा प्रकल्प सुरू झाला. या पट्ट्याला पाणी पाताळगंगेचे. टाटांच्या खोपोली वीजघरातून १९१५ पासून लोणावळा परिसरातल्या धरणांचे पाणी या नदीत उतरते, त्यामुळे ती उन्हाळ्यातही आटत नाही. पण कारखान्याचा कच्चा माल ठरलेल्या पुरवठादाराकडून येतो आणि पक्का माल ठरलेल्या गिऱ्हाइकाकडे जातो. वाटेत त्याचा भाव होत नाही, तोल होत नाही, मालक बदलत नाही. आपट्याच्या अडत्याला त्यात शिरकाव कुठून मिळणार?

बाजार लागला तो कामगारांच्या पगाराभोवती. कारखान्यांच्या वसाहतीला लागून मोहोपाड्याची पेठ वाढली. किराणा, कापड, भांडी, शाळेची वह्या-पुस्तके, सोन्याची दुकाने, सगळे तिथे आले. ज्या गावाचे नाव जुन्या बंदरांच्या यादीत कुठेच नाही ते बाजाराचे गाव झाले आणि जुने बंदर त्याचे गिऱ्हाईक. हिंदुस्थान ऑरगॅनिकचा रसायनीतला कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१७ मध्ये घेतला. तोवर मोहोपाड्याची गिऱ्हाइकी एका कारखान्यापुरती उरली नव्हती, म्हणून पेठ टिकली.

आपटा स्थानकाला प्रसिद्धी मिळाली ती वेगळ्याच कारणाने. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटातला शेवटचा प्रसंग, चालत्या गाडीतून शाहरुख खान हात पुढे करतो आणि काजोल फलाटावरून धावते तो, इथे चित्रित झाला. चित्रपटात हे ठिकाण पंजाबातले आहे. मुंबईपासून जवळ, मागे डोंगर, गाड्यांची वर्दळ बेताची आणि फलाटावर गर्दी नाही, अशी जागा चित्रीकरणाला सोयीची होती. ज्या शांततेमुळे इथे बाजार वाढला नाही, तिनेच स्थानकाला हा मान मिळवून दिला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि लांब पल्ल्याच्या गाड्या आपट्यावरून धडधडत जाऊ लागल्या. त्यातल्या बहुतेक इथे थांबत नाहीत.

पनवेलकडे मात्र एकामागून एक वाटा येत राहिल्या. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारे सिडको स्थापन झाले, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला आणि मुंबईहून पनवेलला यायला ठाण्याचा फेरा उरला नाही. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. मुंबईतला लोखंड-पोलादाचा घाऊक व्यापार सिडकोने वसवलेल्या कळंबोलीच्या बाजाराकडे वळला आणि त्याच कळंबोलीपासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग निघाला. तो २००२ मध्ये पूर्ण झाला. हार्बर मार्गाची लोकल १९९८ मध्ये पनवेलला आली. २०१६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

या सगळ्या वाटांवरून जाणारा माल जुन्या पेठेत येत नाही. कंटेनर न्हावा-शेव्याला उतरतो तो कुलूपबंद आणि शेकडो किलोमीटर दूरच्या गोदामात जाऊन उघडतो. पनवेलच्या वेशीवरून जाणाऱ्या मालाच्या तुलनेत १८३० चा सारा व्यापार किरकोळ वाटेल, पण त्यातला कण पेठेत सांडत नाही. पेठेत येतात ती माणसे. लोकलमधून उतरून एसटी पकडणारी, एसटीतून उतरून मिनिडोर किंवा इकोसारखी शेअर गाडी गाठणारी, उरण, पेण, कर्जत, खालापूरकडची. आता खंड माणसांच्या प्रवासात पडतो. त्या मधल्या तासाभरात लग्नाचे कापड, मंगळसूत्राची दुरुस्ती, औषधे आणि मसाले यांची खरेदी होते.

खाडीच्या टोकाला गाव वसवण्याची किंमतही या पेठा मोजत आल्या आहेत. डोंगरात मुसळधार पाऊस आणि खाडीत भरती एका वेळी आली की नदीला जायला जागा उरत नाही, पाणी बाजारात शिरते. २४ जुलै १९८९ च्या पुरात पाताळगंगेकाठचा रिलायन्सचा प्रकल्प पाण्याखाली गेला. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड या दोन्ही पेठा बुडाल्या. चिपळुणात दुकानांचे पहिले मजलेही वाचले नाहीत. नदी आणि खाडी भेटतात ती जागा व्यापाराला सोयीची, म्हणूनच पुरालाही. त्यात गाळाने पात्रे उथळ झाली, भराव पडले आणि पाण्याला पसरायला असलेली खाजणे कमी झाली.

गलबते गेली तरी त्यांच्या काळातली एक सवय पनवेलच्या बाजारात अजून टिकून आहे. ज्येष्ठ लागला की समुद्र खवळे, होड्या ओढून शाकारल्या जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत बंदर बंद राही. त्या काळात बाहेरून काही येणार नाही, हे गृहीत धरून घरात माल भरावा लागे. ही आगोटीची खरेदी. रस्ते बारमाही झाले, पेठेत काहीही बारा महिने मिळू लागले, तरी दर मे महिन्यात आपट्यासारख्या गावांतून माणसे पनवेलला उतरतात. सुके बोंबील, सोडे आणि जवळा, वर्षाची मिरची-हळद, कांद्याच्या माळा, छपरासाठी ताडपत्री, शेतासाठी बियाणे. मिरची गल्लीत या दिवसांत ठसक्याने उभे राहवत नाही आणि सुक्या मासळीचा भाव ठरवताना कोळणीशी घासाघीस केल्याशिवाय कोणी पिशवी उघडत नाही.